पेटीतील रोकड आणि वहीतील नफा
(गोंदिया जिल्ह्यातील गृहोद्योगांसाठी हिशेबाची सोपी रीत)

माघ सरत आला, धानाची मळणी आटोपली आणि ऊन तापू लागले, की गोंदिया जिल्ह्यातील गावोगावच्या अंगणांत वाळवणे दिसू लागतात. कोठे कणकीचे पापड, कोठे कुरड्या, कोठे मोहफुले, तर कोठे निवडून ठेवलेले जवस. पूर्वी हे सारे घरच्या वर्षभराच्या बेगमीसाठी होत असे. आता अनेक घरी ते विक्रीसाठीही होते. कोणी आठवडी बाजारात बसते, कोणी गोंदिया, तिरोडा किंवा आमगावच्या दुकानी माल देते, कोणी कचारगडच्या अथवा प्रतापगडच्या यात्रेत पाल टाकते, तर कोणी दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत विकते. माल चांगला असतो, गिऱ्हाईकही मिळते. तरीही हंगाम संपल्यावर घरधनिणीस कोणी विचारले, की “बाई, या धंद्यात किती सुटले ?” तर बहुधा एकच उत्तर येते : “सुटले असतील काही. हाती मात्र काही राहिले नाही.”

हे उत्तर आळशी बाईचे नव्हे. दिवसभर राबणाऱ्या, हात आखडून खर्च करणाऱ्या बाईचे ते उत्तर आहे. कष्ट केले, माल खपला, पैसा आला. मग तो गेला कोठे, हे तिला सांगता येत नाही, कारण तो कोठून आला आणि कोठे गेला याची नोंद कोठेही नाही. अशा धंद्यास पुढे दोनच वाटा उरतात. एक तर तो पावसाळ्याबरोबर बंद पडतो व पुढील वर्षी पुन्हा कर्ज काढून सुरू करावा लागतो. किंवा तो तोट्यात चालत राहतो आणि तोटा होत आहे हे कोणास कळतही नाही. दुसरी वाट पहिलीपेक्षा अधिक वाईट होय.

जोडधंद्याचे महत्त्व

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्यात आठ तालुके आहेत. हा मुलूख धानाचा व तळ्यांचा. धानाचा पैसा मुख्यतः वर्षातून एकदा, मळणीनंतर, घरात येतो. खर्चास मात्र असा एक महिना ठरलेला नाही. पऱ्हे टाकण्याच्या वेळी बियाणे हवे, रोवणीच्या वेळी मजुरी व खत हवे, आषाढात शाळेची पुस्तके हवीत, आणि आजारपण तर सांगून येत नाही. या मधल्या महिन्यांत घरास आधार देणे, हेच गृहोद्योगाचे खरे काम. रोवणीच्या ऐन वेळी व्याजाने पैसे काढावे लागले नाहीत, तर त्या घराचा धंदा सफल झाला असे म्हणावे. यास्तव हिशेबाची वही ही केवळ पापडाची वही नव्हे. ती शेताचीही राखण करते.

गटाची वही नीट, घरची वही कोरी

हिशेब लिहिणे ही आपल्याकडे नवीन गोष्ट नाही. पेशव्यांच्या दप्तरातील रोजकीर्दी आजही पुण्यात जतन करून ठेवलेल्या आहेत. रोजकीर्द, खतावणी, खातेवही हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिकडे युरोपात १४९४ साली लुका पाचोली या गणितज्ञाने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हिशेबपद्धती छापील ग्रंथात मांडली आणि ती जगभर पसरली. परंतु ही विद्या दीर्घकाळ सरकारच्या व सावकाराच्या दप्तरातच राहिली. कर्ज देणाऱ्याकडे वही, आणि घेणाऱ्याकडे केवळ आठवण, अशी स्थिती होती. वही ज्याच्या हाती, शब्दही त्याचाच खरा ठरे.

ही स्थिती पालटण्यास बचतगटांनी मोठा हातभार लावला. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, १९९२ साली ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. २०११ साली राज्यात ‘उमेद’ अभियानाची सुरुवात झाली. गटाच्या कामाची पंचसूत्री आज खेड्यातील बायकांना तोंडपाठ असते : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन. या पाचव्या सूत्रामुळे गटाची रोखवही, कर्जाची नोंद व प्रत्येकीचे पासबुक नीट लिहिले जाते, आणि त्याच भरवशावर बँक गटास कर्ज देते.

परंतु येथेच एक मोठी उणीव राहून गेली आहे. गटाची वही हे सांगते, की अमुक बाईने सहा हजार रुपये कर्ज घेतले व त्यातील इतके फेडले. त्या सहा हजारांचे घरी गेल्यावर काय झाले, त्यांतून किती माल निघाला, किती विकला, किती उधार राहिला, हे गटाच्या वहीत येत नाही आणि येऊही शकत नाही. हप्ता वेळेवर भरला, म्हणजे धंदा फायद्यात आहे, असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात तो हप्ता धानाच्या पैशातून किंवा नवऱ्याच्या मजुरीतून भरलेला असू शकतो. तेव्हा गटाच्या वहीच्या जोडीस घरच्या धंद्याची स्वतंत्र वही हवी.

पहिली पायरी : दोन पेट्या

वही घेण्यापूर्वी एक डबा घ्यावा. त्यात केवळ धंद्याचा पैसा ठेवावा. घरखर्चाचा पैसा निराळा. पापड विकून आलेला रुपया प्रथम या पेटीतच पडला पाहिजे, आणि जिरे, मीठ, दळणाई यांचा खर्च या पेटीतूनच झाला पाहिजे. घरास पैसे लागले तर घेऊ नयेत असे नाही. धंदा घरासाठीच आहे. मात्र घेताना ‘घरास दिले’ असे लिहून घ्यावेत. तळ्याच्या पाण्यावर बांधी पिकते. पण किती पाणी सोडले याकडे लक्ष न देता तोंड उघडे ठेवले, तर पाळ कितीही मजबूत असली तरी तळे आटते. धंद्याच्या भांडवलाचेही तसेच आहे.

हल्ली अनेक गिऱ्हाइके फोनवरून पैसे पाठवितात. ते पेटीत पडत नाहीत, सरळ बँकेच्या खात्यात जातात, आणि म्हणूनच विसरले जातात. बरेचदा ते खाते घरातील दुसऱ्या कोणाच्या नावाचे असते व पैसा तेथेच मिसळून जातो. शक्य तर धंद्यासाठी घरधनिणीने आपल्या नावाचे खाते वापरावे, आणि फोनवर आलेली प्रत्येक रक्कम त्याच संध्याकाळी वहीत ‘खात्यात जमा’ म्हणून उतरवावी.

दुसरी पायरी : एक वही, तीन भाग

लहान धंद्यास अनेक वह्या लागत नाहीत. दोनशे पानांची एक साधी वही घेऊन तिचे तीन भाग करावेत.

पहिला भाग रोजमेळाचा. पानाच्या मधोमध रेघ ओढावी. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. प्रत्येक ओळीत तारीख, तपशील व रक्कम. दिवसाच्या शेवटी जमेतून खर्च वजा करावा, कालची शिल्लक मिळवावी आणि पेटीतील पैसे मोजावेत. वहीतील शिल्लक व पेटीतील शिल्लक सारखी आली पाहिजे. न आल्यास त्याच दिवशी आठवून पाहावे. दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तरीही फरक सापडला नाही, तर ‘हिशेबात फरक’ म्हणून तो स्पष्ट लिहावा. आकडा जुळविण्यासाठी खोटी नोंद करू नये. खोटी नोंद करणारा दुसऱ्या कोणास नव्हे, स्वतःसच फसवितो.

दुसरा भाग उधारीचा. प्रत्येक उधार गिऱ्हाइकास एक पान. माल दिल्याची तारीख, वजन, रक्कम, व पैसे येतील तसतशी वसुलीची तारीख. दुकानदारास माल दिला, तर या नोंदीपुढे त्याची सही घ्यावी. सही मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. व्यवहार चोख असला की संबंध टिकतात.

तिसरा भाग मालाचा. किती कणकी भिजविली, किती पापड उतरले, किती विकले, किती घरी खाल्ले, पाहुण्यांना किती दिले, किती तुटले. या भागात पैशाचा आकडा नाही, केवळ किलो आहेत. परंतु पैशाची चूक पुष्कळदा येथेच पकडली जाते. छप्पन किलो माल तयार झाला आणि विक्रीची नोंद चाळीस किलोची असेल, तर उरलेले सोळा किलो कोठे गेले, याचे उत्तर मिळालेच पाहिजे.

खरेदीच्या पावत्या व चिठ्ठ्या एका तारेत ओवून ठेवाव्यात. यासाठी रोज दहा मिनिटे पुरतात.

एका महिन्याचा हिशेब

आता एका घराचे उदाहरण घेऊ. यातील आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब करून पाहावा.

एका गृहिणीने गटातून ६,००० रुपये कर्ज घेतले. व्याज दरमहा शेकडा १ रुपया. त्यातील ४,८०० रुपयांस पापड दाबण्याचे यंत्र व वाळवणासाठी कागद घेतले. २०० रुपये पहिल्या नमुन्याच्या मालात गेले. उरलेले १,००० रुपये पेटीत ठेवून तिने मार्च महिन्याचे काम सुरू केले. घरच्या धानाची ६० किलो कणकी वापरली. रोज सुमारे पाच तास याप्रमाणे पंचवीस दिवस, म्हणजे १२५ तास, तिने स्वतः काम केले. विक्रीयोग्य पापड ५६ किलो उतरले. भाव किलोस १५० रुपये.

महिन्याचा रोख खर्च असा झाला :

जिरे, तीळ, मीठ, पापडखार — ६४० रुपये
दळणाई, ६० किलो — ३०० रुपये
तेल — ३०० रुपये
सरपण — ३०० रुपये
पिशव्या व चिठ्ठ्या — ४२० रुपये
मदतनीस शेजारणीची मजुरी, ६ दिवस, रोज २०० रुपये — १,२०० रुपये
बाजाराच्या ४ फेऱ्यांचे भाडे — ४०० रुपये
एकूण — ३,५६० रुपये

५६ किलोंपैकी ४० किलो रोखीने विकले. त्याचे ६,००० रुपये आले. १२ किलो दोन दुकानांत उधार दिले. त्याचे १,८०० रुपये येणे राहिले. ४ किलो घरी व नातलगांकडे गेले. त्याची किंमत ६०० रुपये. गटाचे व्याज ६० रुपये व कर्जाचा हप्ता ५०० रुपये भरला. घरखर्चास वेळोवेळी मिळून १,५०० रुपये दिले.

महिनाअखेर पेटी मोजली. १,००० रुपयांची आरंभीची शिल्लक, त्यात ६,००० रुपये जमा, एकूण ७,०००. त्यातून ३,५६० खर्च, ६० व्याज, ५०० हप्ता व १,५०० घरास, असे ५,६२० रुपये गेले. शिल्लक १,३८० रुपये. वही व पेटी जुळली. परंतु घरधनीण म्हणते, “महिनाभर राबले आणि पेटीत वाढले केवळ ३८० रुपये. हा धंदा परवडत नाही.”

वही नसती, तर येथेच हा धंदा बंद पडला असता. तिचे म्हणणे पेटीपुरते खरे आहे. परंतु पेटी रोकड सांगते, नफा सांगत नाही. नफा काढावयाचा, तर हिशेब निराळा मांडावा लागतो.

महिन्यात माल निघाला ५६ किलो. १५० रुपये दराने त्याची किंमत ८,४०० रुपये. उधार दिलेला व घरी खाल्लेला मालही यात धरला पाहिजे, कारण तोही कष्टातूनच निघाला आहे.

आता खर्च. रोख खर्च ३,५६० रुपये. घरची कणकी फुकट नव्हे. ती विकली असती तर किलोस २४ रुपयांप्रमाणे १,४४० रुपये आले असते. तेवढी रक्कम पापडाच्या खर्चात धरावी आणि शेतीच्या जमेस लिहावी. व्याज ६० रुपये. यंत्र व कागद यांची झीजही खर्चच आहे. ते चार वर्षे, दर वर्षी चार महिने, म्हणजे सोळा महिने चालतील असे धरले, तर ४,८०० रुपयांपैकी महिन्यास ३०० रुपये झिजतात. एकूण खर्च ५,३६० रुपये. कर्जाचा ५०० रुपयांचा हप्ता व घरास दिलेले १,५०० रुपये यात धरावयाचे नाहीत. हप्ता म्हणजे खर्च नव्हे, ती देण्याची फेड आहे ; घरास दिलेले पैसे म्हणजे झालेल्या कमाईची उचल आहे.

८,४०० रुपयांतून ५,३६० वजा जाता उरले ३,०४० रुपये. ही त्या महिन्याची खरी कमाई.

आकडे काय सांगतात

येथे कित्येकजण थांबतात व समाधान मानतात. परंतु वही आणखी बोलते. ३,०४० रुपये १२५ तासांच्या कष्टांतून आले. म्हणजे तासास २४ रुपये ३२ पैसे पडले. शेजारीण आठ तासांचे २०० रुपये, म्हणजे तासास २५ रुपये घेऊन गेली. ज्या बाईने कर्ज काढले, यंत्र घेतले, ऊन सोसले व बाजार गाठला, तिला मजुरणीपेक्षाही किंचित कमी मिळाले.

तिच्या कष्टांस तेवढीच, तासास २५ रुपये, मजुरी धरली तर ती ३,१२५ रुपये होते. मग एकूण खर्च ८,४८५ रुपये, आणि एक किलो पापडाची पडती किंमत सुमारे १५१ रुपये ५० पैसे. ती विकते १५० रुपयांस ! माल चटकन खपतो यात नवल ते काय ?

आता उपाय सुचू लागतात. माल चांगला असेल व गिऱ्हाईक बांधलेले असेल, तर किलोमागे १५ रुपये वाढविल्यास महिन्यास ८४० रुपये अधिक येतात व तासाची कमाई ३१ रुपयांवर जाते. भाव वाढविणे शक्य नसेल, तर बाजाराच्या चार फेऱ्यांऐवजी शेजारच्या दोघींचा माल एकत्र करून दोनच फेऱ्या करता येतील आणि २०० रुपये वाचतील. गटातील चौघींनी मिळून मसाला व पिशव्या ठोक घेतल्या, तर तेथेही काही वाचेल. कोणता उपाय योग्य, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु वहीवाचून यातील एकही उपाय सुचला नसता, कारण रोग कोठे आहे हेच कळले नसते.

उधारी : दिसत नाही, पण खाते

या उदाहरणात १,८०० रुपये दोन दुकानांकडे अडकले आहेत. ते बुडाले असे क्षणभर समजा. ३,०४० रुपयांची कमाई १,२४० रुपयांवर येते, आणि तासाची कमाई दहा रुपयांच्याही आत जाते. बारा किलो माल बुडाला, की महिन्याच्या कष्टांतील निम्म्याहून अधिक भाग बुडाला. लहान धंद्यास मोठा तोटा एकदम होत नाही. तो असा शंभर-दोनशेंच्या उधारीतून होतो.

गावात उधार देणे टाळता येत नाही. सोयरसंबंध असतात, अडचणी असतात, आणि धानाचा पैसा आल्यावर देण्याची रीतही जुनी आहे. म्हणून उधारीस मर्यादा घालावी. मागील उधारी चुकती झाल्यावाचून पुढील माल देऊ नये. एकंदर उधारी महिन्याच्या मालाच्या चौथ्या हिश्शावर जाऊ देऊ नये. दर आठवड्यास एक दिवस वसुलीचा ठरवावा व त्या दिवशी वही बरोबर न्यावी. तोंडी मागणीपेक्षा तारखेसह दाखविलेली नोंद अधिक परिणामकारक ठरते, आणि देणाऱ्यासही “एवढे कसे झाले?” असे विचारण्यास जागा राहत नाही.

कोणी लिहावे, कोणत्या भाषेत लिहावे

“आम्हांस लिहिता येत नाही,” ही अडचण पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती खरी आहे, परंतु तिच्यावर उपाय आहे. शाळेत जाणारी मुलगी वा मुलगा संध्याकाळी दहा मिनिटे बसून लिहू शकतो. त्यात त्याचे गणितही पक्के होते. मात्र बाईने सांगावे, मुलाने लिहावे आणि लिहिलेले वाचून दाखवावे, हा क्रम मोडू नये. दिवसा विक्रीच्या वेळी कोणी लिहिणारे नसेल, तर विकलेल्या प्रत्येक किलोमागे भिंतीवरील पाटीवर एक रेघ ओढावी व संध्याकाळी रेघा मोजून वहीत उतरवाव्यात.

या जिल्ह्यात मराठीबरोबर हिंदी, पोवारी व गोंडीही बोलली जाते. हिशेबास भाषेची अडचण नसते. ज्या भाषेत घरात बोलणे होते, त्या भाषेत लिहावे. नोंद शुद्ध असण्यापेक्षा ती त्याच दिवशी झालेली असणे अधिक महत्त्वाचे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. घरातील बाईचे कष्ट बहुधा मोजले जात नाहीत. “ती घरीच तर असते,” असे म्हटले जाते. वहीत जेव्हा १२५ तास व ३,०४० रुपये असे शब्द उमटतात, तेव्हा त्या कष्टांस प्रथमच नाव मिळते. घरात खर्चाचा निर्णय होताना तिचे मत विचारले जावे, यासाठी वहीसारखा दुसरा शांत साक्षीदार नाही. पतीने व सासूबाईंनीही महिन्यातून एकदा ही वही ऐकावी.

वहीचे इतर उपयोग

धंदा वाढवावयाचा झाल्यास बँकेकडे जावे लागते. बँकेचा पहिला प्रश्न असतो, महिन्यास उलाढाल किती. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद करण्यात आली. २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची स्वतंत्र योजना आली. योजना कोणतीही असो, सहा महिन्यांचा रोजमेळ समोर ठेवणारी बाई आणि “साधारण इतके होते” असे सांगणारी बाई, यांत बँक पहिलीवर विश्वास ठेवील हे उघड आहे. तिलाही आपणांस किती कर्ज झेपेल हे आधी ठाऊक असते. आणि न झेपणारे कर्ज नाकारणे हेही धंद्यातील शहाणपणच होय.

अन्नपदार्थ तयार करून विकणाऱ्यांस २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. वहीच्या तिसऱ्या भागात माल कोणत्या दिवशी तयार झाला याची नोंद असल्याने पिशवीवर खरी तारीख घालता येते, आणि एखाद्या मालाविषयी तक्रार आल्यास तो कोणत्या दिवसाचा, हे शोधता येते.

पावसाळ्यापूर्वीचा ताळेबंद

मृगाचा पाऊस पडला, की वाळवण थांबते व सारे घर पऱ्ह्यांच्या व रोवणीच्या कामास लागते. हाच धंद्याच्या कसोटीचा काळ. पेटीत उरलेला सर्व पैसा बियाण्यात व मजुरीत गेला, की पुढील माघात पुन्हा कर्जापासून आरंभ. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस हंगामाचा ताळेबंद करावा. पेटीत व खात्यात किती, उधारी येणे किती, माल शिल्लक किती, गटाचे देणे किती, हे चार आकडे एका पानावर लिहावेत. त्यानंतर पुढील हंगामाच्या पहिल्या महिन्याच्या रोख खर्चाएवढी रक्कम, वरील उदाहरणात सुमारे ३,५०० रुपये, बँकेच्या खात्यात निराळी ठेवावी. उरलेला पैसा शेतास खुशाल लावावा. शेतास दिलेला पैसाही ‘शेतीस दिले’ असा लिहावा व मळणीनंतर तो परत घ्यावा. घरच्या कणकीचे पैसे पापडाने शेतीस द्यावयाचे, तर पापडाचे पैसे शेतीने का देऊ नयेत ?

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व गटांच्या लेखनिकांनी हे काम एकदम साऱ्या गावास शिकविण्याचा प्रयत्न करू नये. प्रथम चार-पाच घरे निवडावीत. त्यांच्या अंगणात बसून पहिला आठवडा रोजमेळ बरोबरीने लिहावा. छापील नमुने वाटण्यापेक्षा साध्या वहीवर हाताने रेघा ओढून द्याव्यात. महिनाअखेर पेटी त्यांनाच मोजू द्यावी. नफा आपण सांगू नये. तो त्यांच्याकडूनच काढवून घ्यावा. स्वतः काढलेला आकडा माणूस विसरत नाही. गटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा, ज्यांची तयारी असेल त्यांनी, आपली वही वाचून दाखवावी. मात्र घरचा हिशेब ही खाजगी बाब आहे. कोणावर सक्ती करू नये व कोणाचे आकडे गावभर बोलू नयेत.

तोट्याचा आकडा निघाला, तर कार्यकर्त्याने तो झाकू नये. तोटा वेळीच कळणे हाही वहीचा लाभच होय. भाव, खर्च व उधारी या तिन्ही बाजूंनी प्रयत्न करूनही धंदा बसत नसेल, तर तो सोडून दुसरा घ्यावा. चार महिन्यांत कळलेला तोटा चार वर्षांच्या कर्जापासून वाचवितो.

थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. तळ्यांच्या या जिल्ह्यात कोणास ते समजावून सांगावयास नको. परंतु साचलेले तळे राखण्यास पाळीवर रोज फेरी मारणारा कोणीतरी लागतो. घरच्या धंद्यात ते काम संध्याकाळची दहा मिनिटे करतात. आज विकलेल्या पापडांचे पैसे पेटीत टाकून, दिवा लावल्यावर, पहिली ओळ आजच लिहावी.